वृंदावनातील मूठभर माती

देवालयाच्या प्राकारात पाऊल टाकताच दीपमाळेच्या जोडीने आपली दृष्टी ज्या वास्तूवर स्थिरावते ती वास्तू म्हणजे तुळशीवृंदावन. अंत्रुज महालातील देवस्थानांच्या अंगणांत उभी असलेली ही वृंदावने पाहावीत. चिऱ्यांचा चौथरा, चुन्याचा गिलावा, कोनाड्यांत पणतीची जागा, आणि माथ्यावर मातीने भरलेली, चार बोटांपासून हातभर खोल अशी पोकळी. भाविक त्या वास्तूस प्रदक्षिणा घालतो, शिल्पज्ञ तिच्या कमानींचे वर्णन करतो, इतिहासकार ती कोणत्या शतकातील असावी याचा अंदाज बांधतो. पण त्या माथ्यावरच्या पोकळीतील मातीकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः वृंदावन ही आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली कुंडी आहे, आणि कुंडीत रोप जगवणे ही जमिनीत झाड लावण्याहून वेगळी व अवघड विद्या आहे. त्या विद्येचा माग काढण्याचा आम्ही येथे यत्न करणार आहो.

या विषयाकडे आम्ही विद्वत्तेच्या वाटेने आलो नाही; फजितीच्या वाटेने आलो. काही वर्षांपूर्वी आमच्या घराची डागडुजी झाली तेव्हा जुने वृंदावनही नवे करून घेतले. गवंड्याने ते सिमेंटने असे गुळगुळीत केले की पाहणाऱ्याने वाहवा करावी. त्यात अंगणातली तांबडी माती भरली, बाजारातून आणलेले पांढऱ्या दाण्यांचे खत मूठभर घातले आणि रोज स्नानोत्तर तांब्याभर पाणी घालण्याचा नेम सुरू केला. तुळस महिन्याभरात पिवळी पडली व मेली. दुसरी आणली; तीही गेली. तिसरी चार पाने अधिक जगली एवढेच. घरात कुजबुज सुरू झाली की वृंदावनाची जागा बदलली म्हणून हे असे होत असावे. अखेर आमच्या वयोवृद्ध आत्याबाई चतुर्थीला आल्या. त्यांनी वृंदावनाच्या बुडाशी हात फिरवला आणि आमच्या कायद्याच्या पदवीची भीड न धरता एकच वाक्य उच्चारले, ‘पुता, पयलीं उदकाक वाट दी, मागीर सारें घाल.’ जुन्या वृंदावनाच्या बुडाशी पाणी निथळण्यासाठी एक भोक होते. ते नव्या गिलाव्यात बुजून गेले होते.

आत्याबाईंच्या त्या एका वाक्यात कुंडीचे सारे शास्त्र आहे, असे पुढे वाचनाअंती आमच्या लक्षात आले. जमिनीतील झाडाला मुळे पसरण्यास वाव असतो. एका बाजूस पाणी साचले तर ते दुसरीकडे वळते, एका थरातील अन्न संपले तर खालच्या थरात उतरते. कुंडीतील रोप हे या अर्थाने बंदिवान होय. त्याला जे मिळायचे ते त्या मूठभर मातीतूनच. पाणी तुंबले तर मातीच्या कणांमधील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात व कुजतात. उलट पाणी नुसते वाहून गेले तर बरोबर अन्नांशही घेऊन जाते. क्षारयुक्त खत अधिक पडले तर ते एवढ्याशा मातीत साचून मुळांतील ओलावाच शोषून घेते. आमच्या कोकणपट्टीत वर्षाला शंभर-सव्वाशे इंच पाऊस कोसळतो, तांबडी माती मूळचीच आंबट व निकस. तेव्हा तीन तुळशी मेल्या यात दैवाचा हात नव्हता. दोष गिलाव्याचा व आमच्या अज्ञानाचा होता.

आता प्रश्न असा की, ही विद्या आपल्याकडे किती जुनी? लिखित पुरावा शोधू लागले की सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेशी येऊन आपण थांबतो. त्या ग्रंथात वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. सर्व झाडांस मऊ माती हितकर. त्यासाठी आधी तीळ पेरावेत व ते फुलावर आले की त्याच मातीत तुडवून टाकावेत असे तो सांगतो. यालाच आज आपण हिरवळीचे खत म्हणतो. पाण्याविषयीचा त्याचा नियम तर प्रत्येक कुंडीवर लिहून ठेवावा असा आहे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात माती सुकली तरच. म्हणजे नेमापेक्षा मातीची अवस्था पाहावी, असाच त्याचा अर्थ. थंडी, वारा व ऊन यांनी झाडे रोगी होतात. पाने पांढुरकी पडतात, पालवी खुंटते, फांद्या वाळतात, चीक गळू लागतो, ही लक्षणे सांगून रोगट भाग शस्त्राने काढून टाकावा व तेथे वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा असा उपचारही तो देतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाने तर सव्वातीनशे श्लोकांचा स्वतंत्र वृक्षायुर्वेदच लिहिला. त्याची पोथी इंग्लंडात ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयात होती. हैदराबादेतील कृषिशास्त्रज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांच्या पुढाकाराने ती मिळवली गेली आणि डॉ. नलिनी साधले यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केले. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुळांतील दोन व्यक्तींनी केलेली ही कामगिरी आपल्या वाचकांस अभिमानास्पद वाटेल. सुरपाल आरंभी वृक्षारोपणाचे व तुळशीच्या रोपणाचे पुण्य वर्णन करतो, आणि मग वैद्याच्या शिस्तीने रोगांकडे वळतो. काही रोग वात, पित्त, कफ यांच्या बिघाडाने आतून उद्भवणारे. काही कीड, थंडी इत्यादींमुळे बाहेरून येणारे. किडीवर मोहरी, वावडिंग, वेखंड, हिंग यांसारख्या उग्र द्रव्यांचे लेप व धुरी तो सुचवतो.

आपल्या सीमाभागाशी ज्याचा निकटचा संबंध आहे तो ग्रंथ म्हणजे चावुंडरायाचा ‘लोकोपकार’. कल्याणच्या चालुक्यांच्या काळात, १०२५ च्या सुमारास, तो जुन्या कन्नडात लिहिला गेला. विशेष हे की, विद्वानांसाठी संस्कृतात न लिहिता गृहस्थांसाठी लोकभाषेत लिहिलेला तो व्यवहारकोश आहे, आणि त्यात पाकक्रिया, पाण्याचा शोध, पशुवैद्यक यांच्या पंक्तीला वृक्षायुर्वेदही आहे. पुढे १३६३ च्या सुमाराच्या शार्ङ्गधरपद्धतीत ‘उपवनविनोद’ नावाचे प्रकरण येते. परंपरा सलग होती, हे यावरून सिद्ध होते.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे आमच्या व्यवसायास शोभणार नाही. या ग्रंथांत वाखाणलेले ‘कुणपजल’ नावाचे द्रवखत आहे. आज त्याची शाकाहारी रूपे प्रचारात आहेत. पण मूळ ग्रंथांतील कुणपजल हे प्राण्यांचे मांस, चरबी, हाडांतील मगज शिजवून, आंबवून केलेले असे. आपल्या देवस्थानांच्या वाचकांपैकी पुष्कळांना हे वाचून संकोच वाटेल. तथापि जो पुरावा आपल्या बाजूचा तो मांडायचा व जो अडचणीचा तो दडवायचा, ही रीत न्यायालयात चालत नाही, इतिहासात तर मुळीच चालू नये. त्या लोकांनी निरीक्षण केले, त्यांना जे गुणकारी दिसले ते त्यांनी लिहिले. आपण त्यांतले काय घ्यावे हा आपला विवेक.

परंतु या सर्व ग्रंथांचा मुख्य विषय उपवन व वृक्ष हा आहे. अंगणातील वृंदावनात तुळस कशी जगवावी हे घराघरांतील स्त्रियांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते कधी लिहिले नाही. मग ही विद्या होती याला पुरावा काय? गोमंतकाच्या इतिहासात त्याचा एक पुरावा सापडतो, आणि तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे एका मनाईहुकुमात.

गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० साली स्थापन झाले. त्याच सुमारास जुन्या काबिजादीतील अनेक देवता मूळ गावे सोडून पलीकडे गेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा व केळोशीची शांतादुर्गा यांच्या स्थलांतराची हकीकत आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. या न्यायासनाने १७३६ साली एक विस्तृत जाहीरनामा काढला. गोव्याचे थोर संशोधक अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो दिला आहे. धर्मांतरितांच्या घरांतून जुन्या चालीरीती निपटून काढणे हा त्याचा रोख होता. लग्नातली गाणी, विड्याची देवघेव, उपास, अशा बारीकसारीक बाबींच्या त्या यादीत तुळशीचे नाव आहे. येथील लोकांनी घरी, परसात किंवा बागेत तुळस ठेवू नये. असेल तेथून ती उपटून टाकावी, असे त्यात फर्मावले आहे.

हा हुकूम वाचून संताप येणे स्वाभाविक आहे. आमच्या मनात मात्र वकिलाचा प्रश्न उभा राहिला. कायदा मनाई कशाची करतो? जे कोणी करीतच नाही त्याची मनाई करण्यासाठी कोणी शाई खर्च करीत नाही. इन्क्विझिशन सुरू होऊन १७६ वर्षे लोटली, तितक्या काळात पाच-सहा पिढ्या बाप्तिस्मा घेऊन जगल्या व मेल्या. आणि तरीही १७३६ मध्ये तुळस उपटण्याचा हुकूम काढावा लागला. याचा अर्थ त्या घरांच्या परसांत तोवर कोणीतरी तुळस जगवीत होते. मंजिरी वाळवून बी राखून ठेवीत होते, पावसाळ्यात रोप कुजू नये म्हणून जपत होते, गेले तर दुसरे लावीत होते. तुळस काही वडापिंपळासारखी शतकानुशतके आपोआप उभी राहत नाही. दोन-चार वर्षांत ती जीर्ण होते व पुन्हा लावावी लागते. तेव्हा १७६ वर्षे तुळस टिकली याचा अर्थ निदान चाळीस वेळा कोणीतरी तिचे बी मातीत टाकले. ज्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत अशा त्या गृहिणींच्या विद्येची साक्ष त्यांच्या विरोधकांच्या दप्तरात लिहून राहिली, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हटला पाहिजे.

आता गोव्याहून इंदुरास जाऊ. होळकरांच्या या नगरीत १९२४ साली वनस्पतिउद्योगाची एक संशोधनसंस्था स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ होते व १९३१ पर्यंत ते तेथे राहिले. बंगल्यात बसून शेतकऱ्यास उपदेश करण्याऐवजी शेतकऱ्यास व त्याच्या जमिनीवरील किडीलाच गुरू मानावे, अशी त्यांची वृत्ती होती. निरोगी मातीत वाढलेल्या झाडावर रोग-कीड सहसा मात करू शकत नाही. कीड ही झाड कोठे दुबळे झाले आहे हे दाखवणारी तपासनीस आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातून ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर गेलेली खताची रीत सिद्ध झाली. पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे पातळ थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, हवा खेळती ठेवायची, साधारण पंधरवड्याने, महिन्याने व दोन महिन्यांनी ढीग वरखाली करायचा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होते. या रीतीचे वर्णन करणारा ग्रंथ १९३१ साली ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने छापला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. पहिले नाव जगास ठाऊक आहे. दुसरे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनानिमित्त इंदुरास आले असता त्यांनीही ती संस्था पाहिली व पुढे या खताचा पुरस्कार केला. ज्या चळवळीला आज पाश्चात्त्य देश सेंद्रिय शेती म्हणतात तिच्या मुळांपैकी एक मूळ माळव्याच्या काळ्या मातीत आहे.

तिसरी हकीकत कडूनिंबाची. पाडव्याला ज्याचा पाला आपण जिरे-गुळाबरोबर खातो आणि धान्याच्या कणगीत घालतो, त्याचे कीटकरोधक गुण दक्खनच्या पठारावर कोणास सांगावे लागत नव्हते. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषिसंशोधन संस्थेतील डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे अत्यंत विरळ द्रावण पिकावर फवारले असता टोळांनी त्या पिकास तोंड लावले नाही. १९६८ साली इंग्लंडात त्यातील मुख्य द्रव्य आझाडिरॅक्टिन वेगळे काढण्यात आले. ते किडीला विषासारखे तत्काळ मारीत नाही. तिची भूक मोडते व कात टाकण्याची क्रिया बिघडवते, म्हणून तिची वाढ व वंशवृद्धी खुंटते.

१९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषिखाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना निंबोळीच्या तेलाने झाडांवरील बुरशी आवरण्याच्या रीतीचे एकस्व, म्हणजे पेटंट, बहाल केले. पुढील वर्षी त्याला हरकत घेण्यात आली. हरकतदारांत भारताच्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्होएट व सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना होती. ‘आमच्या देशात हे पूर्वापार आहे’ असे नुसते म्हणून तेथे भागले नाही. कोणी, कोठे, कधी, कोणत्या पद्धतीने वापरले, हे सिद्ध करावे लागले. तेव्हा पुण्याच्या उद्योगातील अभय फडके यांची साक्ष महत्त्वाची ठरली. पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांत १९८५ व १९८६ साली आपण निंबाच्या अर्काचे प्रयोग केले होते, असे त्यांनी म्यूनिकच्या सुनावणीत शपथेवर सांगितले. १० मे २००० रोजी ते पेटंट रद्द झाले. अपील झाले व तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

हळदीचे उदाहरण याहून बोलके आहे. जखमेवर हळद लावण्याबाबत अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले. भारताच्या ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने तो लढा दिला तिचे महासंचालक गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर होते. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातील नुसता वापर पुरावा म्हणून चालत नसे. छापील वर्णनच लागे. म्हणजे कोट्यवधी आयांनी मुलांच्या गुडघ्यांवर लावलेली हळद त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती! जुने ग्रंथ व १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध असे लेखी पुरावे होते, म्हणून निभावले.

या तीन हकीकती एकत्र ठेवल्या की आम्हांस एकच गोष्ट दिसते. गोव्यातील गृहिणींची विद्या तिच्या वैऱ्याने नोंदवली. इंदूरच्या कामातील आपल्या माणसाचे नाव पुस्तकावर छापले गेले तरी विस्मृतीत गेले. निंबाची विद्या दोन वर्षांच्या प्रयोगांची हकीकत कोणीतरी शपथेवर सांगू शकला म्हणून वाचली. आपल्याजवळ ज्ञान होते, नोंद नव्हती. आमच्या आत्याबाईंसारख्या ज्यांना हे सर्व हातच्या मळाइतके ठाऊक आहे त्यांची पिढी आता मावळत आहे. त्यांनी सांगितलेले व आम्ही पुढे करून पाहिलेले येथे लिहून ठेवतो, ते याच जाणिवेने.

प्रथम पाण्याची वाट. वृंदावन असो, मातीची कुंडी असो वा जुना डबा असो, बुडाशी भोक हवेच. त्यावर खापराचा पालथा तुकडा ठेवावा म्हणजे पाणी निथळते, माती निसटत नाही. मग माती : दोन भाग अंगणातली माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा पालाखत, एक भाग जाड वाळू किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा. तांबड्या आंबट मातीत चिमूटभर लाकडाची राख मिसळावी. निंबाची पेंड मिळाल्यास मूठभर घालावी. ती खतही होते व मुळांवरील किडीसही आवरते. किनाऱ्याच्या अतिपावसात निंब फारसा होत नाही, तेथे करंजाची पेंड तेच काम करते. पाणी घालण्यापूर्वी बोट पेरभर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी देवाला नमस्कार पुरे. मंजिरी पिकण्यापूर्वी बहुतेक खुडाव्यात, म्हणजे रोप पाल्याकडे वळते. दोन-चार मात्र बियांसाठी राखाव्यात.

कीड आली तर घाबरून औषधाच्या दुकानाकडे धावू नये. पाने आक्रसली, पाठीवर काळे ठिपके दिसले, तर पान उलटून पाहावे. तुळशीवर जाळीदार पंखांची एक बारीक कीड पानांमागे बसून रस शोषते. असा पाला खुडून दूर टाकावा, उरलेल्यावर पाण्याचा जोरकस शिपका मारावा. मावा असेल तर मुंग्या येतात. मुंग्यांची वाट मोडली की माव्याचा रखवालदार गेला. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला चित्रांग भुंगेरा दिसला तर त्यास मुळीच हुसकू नये, तो मावा खातो. एवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याइतके निंबोळीचे तेल, ते मिसळण्यापुरता साबण, आणि फवारा पानांच्या खालच्या अंगास, सायंकाळी; कारण उन्हाने त्यातील गुण नष्ट होतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. फवारलेली पाने काही दिवस तीर्थात घालू नयेत व पुढेही धुऊनच घ्यावीत.

यासंबंधात एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. जे झाडपाल्याचे ते निर्दोष, असा समज रूढ होत आहे, तो खोटा आहे. तंबाखूचा काढा झाडपाल्याचाच; पण त्यातील निकोटिन हे जहर आहे आणि ज्या झाडाचे पान तीर्थाबरोबर मुखात जाते त्यावर ते कदापि फवारू नये. परंपरेतले म्हणून ग्राह्य किंवा परंपरेतले म्हणून त्याज्य, हे दोन्ही निकाल पुरावा न पाहता दिलेले निकाल होत.

राहता राहिली खताची गोष्ट, आणि येथे आम्ही देवस्थानांच्या कार्यकारी मंडळांस विनंती करू इच्छितो. प्रत्येक देवालयात रोज टोपलीभर निर्माल्य निघते आणि सणावारी तर ढीग. ते पवित्र म्हणून पायदळी येऊ नये या सद्‌भावनेने आपण ते नदीत वा तळीत सोडतो. त्यात ते कुजते, पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि मासे मरतात. देवाला वाहिलेल्या फुलाचा हा शेवट देवाला आवडत असेल असे आम्हांस वाटत नाही. त्याऐवजी प्राकाराच्या एका कोपऱ्यात इंदूरच्या रीतीने दोन खड्डे करावेत. हारांतील दोरे, जरी, कापूर, कुंकवाच्या पुड्या काढून टाकाव्यात. निर्माल्याचा थर, त्यावर सुक्या पाचोळ्याचा थर, शेणकाला, मूठभर माती व राख, असे रचत जावे. नुसती ओली फुले साचवली तर ती आंबून घाण सुटते. सुका पाचोळा पुरेसा हवा. ते खत तुळशीविवाहाच्या सुमारास भक्तांना प्रसादादाखल मूठमूठ द्यावे, तुळशीच्या रोपासह. काही ठिकाणी असे प्रयत्न होऊ लागले आहेत. ते सर्वत्र व्हावेत. आणि प्रत्येक देवस्थानाने एक वही ठेवावी. आपल्या गावातील वडीलधाऱ्या स्त्रिया कोणत्या रोपास काय घालतात, कोणत्या किडीवर काय करतात, ते तारीख-वारासह, सांगणारीच्या संमतीने व तिच्या नावानिशी तीत उतरून घ्यावे. अशी वही उद्या कोणत्या न्यायासनासमोर उघडावी लागेल हे आज सांगता येत नाही. नच लागली, तर आपल्या लेकीसुनांस ती उपयोगी पडेलच.

आमच्या वृंदावनाच्या बुडाशी आता छिन्नीने पाडलेले एक ओबडधोबड भोक आहे. गवंड्याच्या सफाईस त्याने बट्टा लागला, हे खरे. परंतु गेल्या कार्तिक द्वादशीला उसाच्या मांडवाखाली, आवळ्या-चिंचेच्या फांद्यांच्या मधोमध उभी राहिलेली तुळस ही तिसऱ्या वर्षाची होती. आत्याबाई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत. त्यांना आता प्रवास झेपत नाही. आम्ही त्यांच्याकडे त्या तुळशीचे बी कागदाच्या पुडीत बांधून पाठवले. पुडीवर तारीख व जागा लिहिली आहे, आणि खाली त्यांचे नाव.